मिटलं म्हणे

बैठक शक्यतो रविवारी सकाळी. पुरुषमंडळी सतरंजीवर नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर: मुलीचे मामा, मुलाचे चुलते, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, एखादे माजी सरपंच. जिच्यासाठी बैठक, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर सारखा करत उभी. सगळं ठरून झालं की तिला विचारतात, "काय गं, जाशील ना नांदायला?" मग स्टॅम्पपेपर येतो. ‘यापुढे मारहाण करणार नाही, दारू पिणार नाही, व्यवस्थित नांदवीन.’ खाली सह्या, पंचांची नावं, चहा. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून तीच वाक्यं पाचशेच्या कागदावर लिहितात. कागद महागला, वाक्यांची किंमत होती तेवढीच राहिली. त्याने पुन्हा हात उचलला तर त्या कागदाच्या जोरावर त्याला कुणी आत टाकत नाही. दंडाधिकाऱ्यांनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर मात्र कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठकीत हे कुणी काढत नाही.

बैठकीतली माणसं वाईट नसतात, हे मी अनेक बैठकांच्या कडेला बसून सांगू शकते. त्यांना फक्त दुपारच्या लग्नाला पोचायचं असतं.

*

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा २१.३ होता. देशाचा ३१.२ वरून २९.३ वर उतरला, आपला चढला. मला मात्र त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त बोचते. हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागितली १४ टक्क्यांनी, आणि त्यांतल्या बहुतेकींनी ती माहेरच्या माणसांकडे मागितली. पोलीस, डॉक्टर, वकील, संस्था हे सगळे फार मागे.

म्हणजे हे पहिल्यांदा ऐकणारं माणूस बहुतेक वेळा आई, बहीण नाहीतर वहिनी असते. प्रशिक्षणं आपण पोलिसांची घेतो.

*

"बाथरूममध्ये घसरले." दवाखान्यातल्या केसपेपरवर या एका वाक्याने किती बाथरूम बदनाम केले असतील. घसरून पडणारी बाई तळहातावर, गुडघ्यावर, कमरेवर पडते. दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंत वळ उठले असतील, तर तिने हात आडवे धरले होते. अनुभवी सिस्टरला हे दारातूनच दिसतं. पूर्वी ती टाके घालून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन पुढच्या पेशंटला हाक मारायची. काय विचारायचं आणि विचारून पुढे काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

२००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते नेमकं याच जागी. त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येतेच: तापासाठी, बाळंतपणासाठी, मुलाच्या खोकल्यासाठी. ‘कुठे गेली होतीस’ या प्रश्नाला केसपेपर हे घरात चालणारं उत्तर असतं. तेव्हा मदत दवाखान्यातच ठेवा. डॉक्टर आणि सिस्टर यांना विचारायला शिकवा, आणि तेही सोबत आलेल्या सासूला बाहेर बसवून. बाई जे सांगेल ते तिच्या शब्दांत केसपेपरवर लिहा: कुणी मारलं, कशाने मारलं, कधी. पुढे कोर्टात जायचं ठरलंच तर दोन वर्षांपूर्वीची ती ओळ पुरावा म्हणून उभी राहते. नाही ठरलं, तरी तिला कुणीतरी विचारलेलं असतं.

फिनेल किंवा ढेकणाचं औषध ‘चुकून’ प्यायलेल्या बायकांशीही दिलासाच्या समुपदेशक बोलू लागल्या. औषध नक्की कशावर प्यायलं होतं, ते तिथे बाहेर येऊ लागलं.

*

पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईच्या हातात बहुधा एनसी पडते. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ती घेऊन बाई घरी येते, ‘केस केली’ असं समजून. नवरा हवालदाराच्या ओळखीने अर्ध्या तासात समजून घेतो की यात काहीच होत नसतं. त्या रात्रीचा मार जास्त असतो.

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष उघडला, तेव्हा सामाजिक कार्यकर्तीला पोलिसांच्या छपराखाली बसवायचं ही कल्पनाच नवी होती. नवऱ्याला बोलावणं पोलिसांच्या आवारातून जातं, त्यामुळे तो येतो. आल्यावर समोर बसलेली व्यक्ती पोलीस नसते, त्यामुळे बाई बोलते. पुढे असे कक्ष राज्यभर झाले.

*

पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा गेली. सायनाइडने. लग्नाला चार महिने झाले होते. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने खून मानला; १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुरावा अपुरा ठरवून आरोपीला सोडलं. ‘सारडा निकाल’ आज प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण हवी याची पाच सूत्रं त्यात आहेत आणि देशभरच्या कोर्टांत ती रोज उद्धृत होतात. एका कायद्याच्या विद्यार्थिनीला मी विचारलं, यातली मुलगी कोण होती? तिला पाचही सूत्रं सांगता आली. मुलीचं नाव आठवायला वेळ लागला.

निकालपत्रात तिची पत्रं आहेत, बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली. त्यांचा अर्थ कोर्टाने आपल्या पद्धतीने लावला, आणि फौजदारी कायद्यात तो तसाच लावावा लागतो हे मला मान्य आहे. पण पुण्यातल्या बायकांनी ती गोष्ट दुसऱ्या बाजूने वाचली. पत्र लिहिण्याइतकं मन मोकळं करायला तिला माणसं होती. उठून जाऊन बसता येईल अशी जागा मात्र नव्हती. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी यांनी नारी समता मंच उभा केला. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. ते बघायला आलेल्या बायका आपलंच सांगू लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी ‘बोलते व्हा’ हे केंद्र निघालं.

१९८३ मध्ये भारतीय दंडविधानात ४९८-अ आलं. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. गावाकडे अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावला’ असंच म्हणतात आणि बहुधा म्हणत राहतील.

*

"दोघांनाही समजावलं पाहिजे, टाळी एका हाताने वाजत नाही." ही म्हण समुपदेशनाच्या खोलीबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायला हवी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत, नियम १४ मध्ये, स्पष्ट लिहिलंय: हिंसेचं समर्थन समुपदेशनात मांडू द्यायचं नाही आणि ही गोष्ट सुरुवातीलाच समोरच्याला सांगायची. ‘ती उलट बोलली’, ‘जेवण वेळेवर नव्हतं’, ‘माहेरी फोन करत होती’, यांतलं काहीही चालणार नाही. तक्रारी दोघांच्या असू शकतात. हात एकाचा उठलेला असतो.

*

घर कुणाचं, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर तयार असतं. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, जमीन सासूच्या नावावर, गाडी दिराच्या. नवरा कागदोपत्री कफल्लक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला ‘सामायिक घरात’ राहण्याचा हक्क दिला, तो अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला, आणि लगेच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात ठरवलं की सासूच्या मालकीचं घर हे सामायिक घर नव्हे. झालं. पुढची जवळजवळ चौदा वर्षं वकिलांनी या एका निकालावर बायकांना दाराबाहेर ठेवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश अहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल चुकीचा ठरवला. सून आणि नवरा जिथे संसार म्हणून राहिले ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिचा निवाऱ्याचा हक्क आहे. मालकी मिळत नाही. कायद्याने ठरवलेल्या मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, एवढंच.

एवढंसुद्धा पुष्कळ आहे. आमच्याकडे मदतीसाठी येणारी बाई पैसे मागत येत नाही, शिक्षा मागत तर क्वचितच येते. "ताई, मला फक्त माझ्या घरात राहू द्या म्हणावं, मारू नका म्हणावं."

प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला तिरुवनंतपुरम जिल्ह्यातला अभ्यास मला तोंडपाठ आहे, कारण बैठकीत तो उपयोगी पडतो. ज्या बायकांच्या नावावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हतं, त्यांच्यापैकी ४९ टक्के बायकांनी संसारात दीर्घकाळ मार खाल्लेला. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १०, दोन्ही असलेल्यांत ७. नोकरीचा पगार नवऱ्याच्या हातात जाऊ शकतो. घर उचलून नेता येत नाही, आणि ‘चल नीघ’ म्हणणाऱ्याला ‘तूच नीघ’ हे उत्तर त्यातून मिळतं.

शेतकरी संघटनेने १९८९-९० मध्ये लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सांगण्यावरून पुरुषांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये सुरुवात झाली आणि मराठवाडा-विदर्भात गावंच्या गावं त्यात उतरली. मोहिमेचा युक्तिवाद कर्जमुक्तीच्या अंगाने होता: लक्ष्मीचं देणं आधी फेडा. मारहाणीबद्दल तिथे कुणी भाषणं केली नसतील, पण सातबाऱ्यावरच्या त्या नावाने पुढे कुठल्या कुठल्या रात्री काय काम केलं असेल, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा होता.

*

"इतकं मारतो तर सोडत का नाही?"

सोडते की. पुन्हा पुन्हा सोडते. माहेरी येते, चार दिवस सगळे गोड बोलतात, पाचव्या दिवशी भाऊ विचारतो, "जावईबापूंचा फोन आला होता का?" पंधराव्या दिवशी मुलाची चाचणी परीक्षा असते, शाळा तिकडे, दप्तर तिकडे. गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, आधार सगळं तिकडे. आणि तो येतो, रडतो, सासूच्या पायाही पडतो. तो तेव्हा खोटं रडत नसावा. परत गेल्यावर काही आठवडे बरे जातात, मग चिडचिड, मग जेवणावरून आवाज, मग पुन्हा तेच. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये या फेऱ्याचं चित्र काढून दाखवलं. सगळ्याच घरी फेरा इतका रेखीव फिरत नाही, काही घरी बरे आठवडे येतच नाहीत, पण दाखवल्यावर बायका कागदावर बोट ठेवून सांगतात: "मी सध्या इथं आहे."

मदत करणारे इथे थकतात. ‘एवढी धावपळ केली, आणि ही गेली परत’ म्हणून तिचा फोन उचलणं बंद करतात. नवऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं. मला विचाराल तर मदतीची खरी वेळ ती परत गेल्यानंतरची: अधूनमधून फोन, हळदीकुंकवाच्या निमित्ताने फेरी, आणि ‘तुला सांगितलं होतं’ हे वाक्य गिळून टाकणं. कायमचं बाहेर पडण्याचे दिवसच सर्वांत धोक्याचेही असतात, कारण ताबा सुटतोय हे त्याला कळलेलं असतं. ‘आत्ताच्या आत्ता नीघ’ असा सल्ला फोनवरून देणाऱ्या मैत्रिणीला त्या रात्री तिथे राहायचं नसतं.

*

शेजाऱ्यांसाठी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा होतेय किंवा होणार आहे असं ज्याला वाटतं, तो कुणीही त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दावा चालत नाही. घाईचं असेल तर ११२, महिलांसाठी १८१. २००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ संस्थेची ‘बेल बजाओ’ मोहीम टीव्हीवर होती: भांडणाचा आवाज आला की दाराची बेल वाजवायची आणि काहीतरी किरकोळ मागायचं. चाळीतल्या आज्या हे जाहिरातीच्या कितीतरी आधीपासून करत होत्या, विरजण मागायला. बंद दारांच्या सोसायटीत तेवढंही राहिलं नाही. तिथे व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कृपया रात्री दहानंतर आवाज करू नये’ असा संदेश येतो.

*

मुलं. "त्याला काय कळतंय, लहान आहे." चार वर्षांचं पोर वडिलांच्या गाडीचा आवाज ओळखून खेळणी उचलून ठेवतं. सातवीतली बहीण धाकट्याला घेऊन गच्चीवर जाते. वर्गात पेंगणारं, किंवा कुणी हात वर केला की डोकं झाकणारं मूल बाईंना दिसतं. पालकसभेला मात्र तेच वडील इस्त्रीच्या शर्टात येतात.

घरात मार बघितलेल्या मुलांमध्ये पुढे मारणारा किंवा मार सोसणारी होण्याची शक्यता जास्त, हे अभ्यास सांगतात. म्हणून ‘बापावर गेलाय’ हे घरात सहज फेकलेलं वाक्य मला धोक्याचं वाटतं. शक्यता ही पत्रिका नव्हे. अशा घरांतले कितीतरी मुलगे आयुष्यभर हात उचलत नाहीत. त्यांच्या गोष्टींत पुष्कळदा एखादं मोठं माणूस असतं, आजी, मामा, क्रीडाशिक्षक, ज्याने त्यांना सांगितलेलं असतं की घरी होतंय ते चूक आहे आणि त्यात तुझा दोष नाही. दोन्ही भाग सांगावे लागतात. मूल आईचा मार आपल्या खोड्यांच्या खात्यावर जमा करत असतं.

*

१९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली होती: बायकांवर हात उचलणं ज्यांना मान्य नाही असे पुरुष हवेत. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना झाली. हरीश सदानी तेव्हापासून त्यात आहेत. कॉलेजातल्या मुलांशी बोलणं, त्यांच्यातूनच बोलणारे तयार करणं, आणि ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक. काम सावकाश चालतं आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

पुरुष बोलतात, असा माझा अनुभव आहे. एकटे असले तर. बैठकीत चुलत्यासमोर कुणीच बोलणार नाही. आमच्याकडे आलेल्या एकाने नाइलाजाने सुरुवात केली ती वडिलांपासून: ते आईला मारायचे तेव्हा हा पलंगाखाली असायचा. मी ऐकून घेतलं, मग विचारलं, "काल रात्री तुमचा मुलगा कुठे होता?" बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "आईकडं पाठवला होता." तो सुधारला का, हे मी लिहिणार नाही, त्याची बायको सांगेल तेव्हा.

*

परत जायचं नाही, हे ज्यांचं ठरलं त्यांचं काय? १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी बोलावलेली. नवऱ्याने टाकलेल्या बायका तोवर माहेरच्या पडवीत, जनगणनेच्या रकान्यांत हरवलेल्या. त्यांच्या चळवळीच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्ड होतं. ज्याला हे किरकोळ वाटेल त्याने भावाच्या कार्डावर, वहिनीच्या डोळ्यांदेखत, दहा वर्षं तांदूळ खाऊन पाहावा.

*

कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणतो, अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, आणि तिथून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न. तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात हे वाक्य मोठ्याने वाचू नये, लोक हसतात. संरक्षण अधिकाऱ्याकडे पुष्कळदा आणखी दोन टेबलांची कामं असतात. म्हणून अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायचा, हे वकिलाला आठवण करून द्यावं लागतं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे ती बाई आहे एवढं पुरतं. हे कोर्टातल्याच काही कारकुनांना माहीत नसतं, तेव्हा वाद घालायची तयारी ठेवून जावं.

*

निघण्याचं मनात असो वा नसो, कागद जमवून ठेवावेत. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे निकाल, लग्नपत्रिका आणि लग्नातला दोघांचा एक फोटो (लग्न झालंच नाही म्हणणारेही भेटतात), दागिन्यांच्या पावत्या किंवा दागिने घातलेले फोटो, दवाखान्याचे केसपेपर, नवऱ्याच्या पगाराची चिठ्ठी मिळाली तर उत्तम, कारण पोटगीच्या वेळी तो बेकार होतो. मूळ कागद हलवले तर लक्षात येतं, म्हणून मोबाईलवर फोटो काढायचे, बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवायचे, आणि आपल्या फोनमधून, गॅलरीतून आणि चॅटमधूनही, पुसून टाकायचे. बहिणीने ‘मिळाले’ असं उत्तर लिहायचं नाही. रेसिपी पाठवायची.